सबनिसांचा हिरवा चापडा

दामोदरपंत सबनीस माणसाच्या डोळ्यांत कधी पाहत नसत. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या जागेकडे पाहत. आधी डावीकडे, मग उजवीकडे. ठाण्याला जंगलखात्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असंच निरखून पाहिलं. तोंडाला काजळी लागली असेल, असं वाटून मी मागच्या रांजणावर जाऊन तोंड धुऊन आलो. त्यांनी पुन्हा पाहिलं. मी पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा धोंडू शिपाई म्हणाला, "बसा रावसाहेब, रांजण रिकामा होईल. ते सापाचं बघतात."

"माझ्या तोंडावर साप?"

"साप नाही हो. खड्डा."

यानं माझा गोंधळ कमी झाला, असं काही म्हणता येणार नाही.

खड्ड्याचा खुलासा दुपारी स्वतः सबनिसांनीच केला. ते कचेरीतले चित्रं आणि नकाशे काढणारे. उंच, वाळके, डोक्यावर जुनी पगडी, अंगरख्याच्या बाहीला कायम पेन्सिलीची भुकटी. कचेरीचा गोरा साहेब कारवारहून बदलून ठाण्याला आला तेव्हा त्यांना बरोबर घेऊन आला होता.

"हिरव्या सापांत तीन जणांची नेहमी गल्लत होते, गोविंदराव," ते म्हणाले. "हरणटोळ, गवत्या आणि चापडा. हरणटोळ चाबकासारखा बारीक, तोंड टोकदार. गवत्या बिचारा गरीब, त्याच्या वाटेला कुणी जात नाही नि तो कुणाच्या जात नाही. चापडा मात्र विषारी. डोकं तिकोनी, मान बारीक, आणि डोळा नि नाकपुडी यांच्यामध्ये एक खड्डा. तो दिसला की चापडा. रंगावर जाऊ नका. रंगासारखी फसवी गोष्ट जगात नाही. खड्डा पाहा."

"पण माणसाच्या तोंडावर कशाला पाहायचं?"

"सवय राहावी म्हणून," ते म्हणाले आणि माझ्या उजव्या नाकपुडीकडे पाहून समाधानानं मान हलवली. "नाही. तुम्हाला नाही."

त्यांची दुसरी सवय म्हणजे "घरात विचारून सांगतो" हे वाक्य. शिरस्तेदार मोघ्यांनी सुनेसाठी खणाचे दोन तुकडे आणले आणि विचारलं, "पंत, यातला कुठला खुलेल?" पंत म्हणाले, "घरात विचारून सांगतो." धोंडूनं कैऱ्यांची पाटी समोर ठेवून विचारलं, "यातल्या पिकत आलेल्या कुठल्या?" पंतांनी एकेक दाबली, हुंगली, आणि घरात विचारून सांगतो म्हणाले. घर कल्याणला होतं. संध्याकाळच्या गाडीनं पंत जात, सकाळच्या गाडीनं येत, आणि उत्तर काही येत नसे. "पूर्ण मुठीत आहेत बायकोच्या," असं मोघे मला हळूच म्हणाले. मोघ्यांच्या हळू आवाजाला तळ्यावरचे बगळे उडत.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो. मुंबईतल्या कुणा विद्वान साहेबलोकांच्या मंडळीला इलाख्यातल्या रानांमधल्या सापांची यादी हवी होती. प्रत्येक सापाचं रंगीत चित्र, आणि जमल्यास खुद्द साप. चित्रामागं पाच रकाने भरायचे: नाव, रंग, लांबी, ठिकाण, स्वभाव. हे काम पंतांकडे होतं. बहुतेक रंगीत चित्रं त्यांनी कारवारला असतानाच केली होती, आणि ती इतकी सुरेख होती की पहिल्यांदा पाहताना मी कागदापासून हात मागे घेतला. नागाच्या स्वभावापुढे त्यांनी लिहिलं होतं "मानी". फुरशापुढे "चिडखोर". घोणशीपुढे "आळशी, परंतु विश्वास ठेवू नये". मोघे म्हणत, ही नोंद धोंडूलाही चालेल.

राहिला होता फक्त चापडा. मी यायच्या आधी दोन वर्षं तो राहिलेलाच होता.

हिरवा साप पाहिजे, असा निरोप गावोगाव गेला आणि कचेरीत गोंधळ सुरू झाला. कुणी गवत्या आणून त्याला हरणटोळ म्हणे, कुणी हरणटोळ आणून चापडा. एका गावचा पाटील तर डोक्यावर पितळेचं तपेलं उपडं घालून आला, कारण हरणटोळ माणसाच्या टाळूवरच दंश करतो, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं टोपली पुढे केली. पंतांनी आत वाकून पाहिलं.

"खड्डा नाही."

"नसू द्या, हिरवा तर आहे ना!"

"हिरवा?" पंत जरा घुटमळले. "तसं असेलही. पण खड्डा नाही."

पाटील तपेल्यासकट रागावून गेला. एवढा धडधडीत हिरवा साप समोर असताना या माणसाला शंका कसली येते, हे मलाही कळेना.

भाद्रपदात पाऊस जरा उणावला तशी लखमी भेटली. ही येऊरच्या डोंगरावरची वारली बाई. जळणाची मोळी घेऊन ठाण्याला यायची. सगळ्यांना अरे-तुरे करायची, साहेबालासुद्धा. कचेरीच्या पायरीशी मोळी टेकवून ती पंतांना म्हणाली, "चापडा शोधतोस ना रे, दादा? आमच्या नाल्यावर बांबूत बसलाय. चार दिस झालं. हलत नाय, बोलत नाय. तुझ्यासारखाच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यामागून डोंगर चढलो. वर वाघ असतो हे मला ठाऊक होतं. पंतांनाही ठाऊक होतं, पण वाघाला खड्डा नसतो म्हणून त्यांना त्यात रस नव्हता. नाल्याशी लखमी थांबली आणि तिनं हनुवटीनं दाखवलं. "तो बघ."

मला क्षणभर नुसते बांबू दिसले. मग एक फांदी जरा जाड वाटली, आणि तिला डोकं फुटलं. वेटोळं घालून, मान आखडून, पिवळसर डोळ्यांनी तो आमच्याकडे पाहत होता.

"कुठे?" पंत म्हणाले.

"तुझ्या नाकापुढं."

"कुठे पण?" असं म्हणत त्यांनी आड येणारी फांदी बाजूला करायला हात पुढे केला. ती फांदी म्हणजेच तो होता. हात वीतभर अंतरावर असताना लखमीनं त्यांचं उपरणं धरून असा हिसका दिला की पंत चिखलात बसले आणि पगडी नाल्यात गेली.

"आंधळा हायेस काय रे?" ती ओरडली.

"उजेड डोळ्यांवर आला," पंत म्हणाले. आभाळ काळंकुट्ट होतं. मी ते लक्षात घेतलं, पण अर्थ लावता आला नाही.

लखमीनं लांब काठीनं डोकं कुठे, शेपूट कुठे हे नीट दाखवलं, तेव्हा पंतांना तो दिसला. मग मात्र हा माणूस बदलला. सापापासून दोन हात अंतरावर मांडी घालून बसले आणि दोन तास पेन्सिल चालवली. एकेक खवला, डोळ्यातली उभी फट, मानेचा बाक. मधूनमधून सापाशी बोलत: "किंचित डावीकडे, महाराज. वा!" मला जवळ बोलावून खड्डा दाखवला. सुईनं टोचावं एवढासा. दोन वर्षं ज्याच्यासाठी लोकांची तोंडं पाहिली, तो हा.

"रंग?" मी विचारलं. रंगाची पेटी मीच वाहून आणली होती.

"रंग घरी भरतो," पंत म्हणाले.

लखमीनं फाटा असलेल्या काठीनं साप दाबला, मडक्यात सोडला, आणि मडक्यातून तो कचेरीत येऊन स्पिरिटच्या बरणीत गेला. बरणीचं झाकण लावताना पंतांनी डोळे मिटून हात जोडले. मोघ्यांनी बरणी आपल्या टेबलापासून शक्य तेवढी दूर ठेवायला सांगितली आणि ती माझ्या टेबलावर आली.

पुढच्या काही दिवसांत जे झालं ते आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. एका सकाळी पंत आले, बरणीकडे सहज पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, हा दिसायला लागला की!" इतक्या आनंदानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी मान वर केली. साप निळा झाला होता.

कचेरी गोळा झाली. मी म्हटलं निळा. धोंडू म्हणाला मोरपिशी. मोघे आधी म्हणाले हिरवाच आहे, उजेड कमी आहे. बरणी दारात नेली तेव्हा म्हणाले, निळा आहे. म्हणजे कुणीतरी साप बदलला असणार, असं त्यांनी ठरवलं. साप कोण कशाला बदलेल, असं मी विचारलं तर म्हणाले, तेच तर शोधून काढायचं आहे. त्यांनी धोंडूची जबानी घेतली. धोंडू म्हणाला, मी झाकण फक्त एकदाच उघडलं, तेही वास घ्यायला. मला वाटू लागलं की नाल्यावर आपण पाहिला तो निळाच असेल. संध्याकाळपर्यंत हिरवा म्हणजे नक्की कसा असतो, याचीच मला खात्री राहिली नाही.

शनिवारी साहेबानं बोलावलं. एका हातात पंतांनी केलेली सापाच्या वर्णनाची टिपणी, दुसऱ्या हातात बरणी.

"साप निळा. कागद हिरवा," तो आपल्या मोडक्या बोलीत म्हणाला. "सबनीस, कौन झूट बोलता?"

पंतांनी बाहीवरची पेन्सिलीची भुकटी झटकली.

"सोमवारके टपालमें जाना मंगता. तसवीर किधर?"

"घरात विचारून सांगतो," पंत म्हणाले.

साहेबाला ते कळलं नाही. आम्हाला कळलं आणि मोघे खोकल्याचं सोंग करून हसले. पंत गेल्यावर साहेबानं मोघ्यांना सांगितलं की सोमवारी रंगीत चित्र टेबलावर नसेल, तर हे काम मुंबईच्या चित्रकाराकडे जाईल आणि सबनिसांची इथे गरज नाही. मोघ्यांचं हसू मावळलं. "जा रे बाबा," ते मला म्हणाले, "उद्या कल्याणला जाऊन त्याच्या बायकोलाच सांग, की आता तरी काय ते उत्तर दे."

रविवारी मी गेलो. पारनाक्याच्या अलीकडे, एका गल्लीत दोन खोल्यांचं घर. पंतांनी दार उघडलं आणि मला पाहून आधी उपरणं शोधलं. आत चूल विझलेली. एक ताट, एक वाटी, एक तांब्या. दांडीवर एक धोतर. मी वहिनींना नमस्कार करायच्या बेतानं इकडेतिकडे पाहत राहिलो.

"बसा," ते म्हणाले. "घरात कुणी नाही."

"देवळात गेल्या आहेत का?"

"कारवारलाच गेली. दोन वर्षांपूर्वी. तापानं."

मी बसलो. समोर पाटावर चापड्याचं चित्र होतं. खवला न् खवला जागच्या जागी, आणि सगळं पांढरं.

"पंत," मी म्हटलं, "मग तुम्ही घरात विचारून सांगतो म्हणता, ते..."

"विचारतो की रोज," ते अगदी सरळपणे म्हणाले. "उत्तर येत नाही. म्हणून तर नोंद रखडली."

मग त्यांनी सांगितलं. हिरवा आणि तांबडा त्यांना जन्मापासून वेगळे दिसत नव्हते. तरुणपणी रेल्वेत नोकरी धरायला याच कल्याण स्टेशनात गेले होते. तिथल्या साहेबानं दोन निशाणं दाखवली, एक तांबडं, एक हिरवं. पंत दोन्ही वेळा म्हणाले, "गाडी सोडा." तिथून त्यांना सोडलं. हात मात्र चांगला होता, म्हणून चित्रांची नोकरी मिळाली, आणि लग्न झाल्यावर रंगही मिळाले. बायको शेजारी बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पेटीतली कुठली रंगाची वडी किती घ्यायची ते ती सांगायची. "नुसतं हिरवा म्हणून मला काय कळणार? ती म्हणायची, हा कैरीचा हिरवा, दात आंबवणारा. हा शेवाळाचा, पाय घसरवणारा. मला दिसत नसे हो, पण कळत असे."

"आणि बरणीतला?"

"तो तर मला स्पष्ट दिसतो! निळा मला दिसतो. पहिल्यांदाच तो साप पानांतून वेगळा निघाला माझ्यासाठी." मग आवाज खाली आला. "चित्रांच्या माणसाला रंग दिसत नाहीत, हे कचेरीत कळलं तर संपलं, गोविंदराव."

मी म्हटलं, कळणार नाही. मी सांगतो, तुम्ही भरा. त्यांनी ब्रश ओला केला.

"हं. पाठ?"

"हिरवी."

"कशासारखी?"

"म्हणजे... हिरवी. चांगली हिरवी."

त्यांनी वाट पाहिली. मी कपाळ चोळलं. पानासारखी म्हटलं, तर म्हणाले कुठल्या पानासारखी. मी विड्याचं म्हटलं, मग ते फार गडद वाटलं म्हणून अळूचं म्हटलं, मग दोन्ही मागे घेतली. डोळे धड असून मला काही सांगता येईना. शेवटी पंतांनी ब्रश पुसून ठेवला आणि माझीच समजूत घातली, की जाऊ द्या, अवघड असतं.

"लखमी!" मी एकदम म्हटलं.

सोमवारी उजाडायला आम्ही येऊरला तिच्या झोपडीशी. तिला मी एवढंच सांगितलं की पंतांना चापड्याचा रंग तुझ्या तोंडून ऐकायचा आहे. तिनं पंतांकडे बराच वेळ पाहिलं. नाल्यावरचा प्रसंग तिला आठवत असणार. काही न विचारता ती पुढे झाली, वरच्या बांबूत दुसरा चापडा शोधून दिला, आणि त्याच्याकडे पाहत बोलू लागली.

"पाठ भाताच्या रोपासारखी. लावणीच्या आधी असतंय तसं, मुठीत धरलं तर गार लागतंय ते. कडेनं खाली येतंय तसं फिकं. पोट केळीच्या आतल्या पानावानी, उलगडलं नाय त्या. शेपटीच्या टोकाला जरा करपल्यागत."

पंत विचारत, "करपल्यागत म्हणजे भाकरी की भात?" ती म्हणे, "भाकरी. भात करपला तर काळा." ते रंग घोटत, मला दाखवत, मी सापाकडे नि रंगाकडे आळीपाळीनं पाहून मान हलवे किंवा नाही म्हणे. तेवढं मला जमलं. दुपारी चित्र पुरं झालं तेव्हा लखमीनं ते हातात घेतलं, वळवून मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "हा चावायचा नाय ना?"

रंगाच्या रकान्यात पंतांनी लिहिलं: "जिवंतपणी हिरवा, स्पिरिटमध्ये काही दिवसांनी निळा. दोन्ही खरे." स्वभावाच्या रकान्यात: "संकोची". साहेबानं ते दोनदा वाचलं, बरणी उजेडात धरली, हिरव्यातला पिवळा स्पिरिटनं खाल्ला असेल, म्हणून निळा उरला, असं काहीसं स्वतःशीच इंग्रजीत बोलला आणि सही केली. पुढे मुंबईहून उत्तर आलं, की एवढं अचूक रंगांचं चित्र त्यांनी पाहिलं नव्हतं. पत्र साहेबाच्या नावानं होतं. मोघ्यांनी पेढे वाटले आणि वहिनींना आमचे आभार सांगा म्हणाले. "सांगतो," पंत म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरानं त्यांनी मला पुन्हा कल्याणला बोलावलं. सणवार नव्हता, काम नव्हतं. जेवायला त्यांनी स्वतः पिठलंभात केला होता. हात धुतल्यावर कोपऱ्यातली पेटी ओढून पुढे आणली आणि तिच्या झाकणावर हात ठेवला.

"तिची दोन चांगली लुगडी होती," ते म्हणाले. "एक तिच्या आईनं दिलेलं तांबडं. आणि तेच दाखवून, त्याच विणकराकडून विणून घेतलेलं हिरवं. पोत एक, काठ एक. ती गेली तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, हिरवं लुगडं काढून द्या. मी पेटी उघडली. दोन्ही एकावर एक. बाहेर माणसं थांबलेली. कुणाला विचारणार? मी वरचं दिलं."

"त्या बायका काही म्हणाल्या?"

"नाही. पण अशा वेळी कोण म्हणतं?" त्यांनी झाकण उघडलं. "राहिलेलं एवढं पाहून सांगा."

कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याखाली ते घडी करून ठेवलेलं होतं. मी पाहिलं. मला तांबडं म्हणता आलं असतं. ते पडताळून पाहणारं त्या घरात कुणी नव्हतं. पण या माणसानं माझ्यावर विश्वास टाकून चित्र भरलं होतं, आणि मला जीभ वळवता येईना.

"पंत, हे हिरवं आहे."

त्यांनी लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"म्हणजे ती तांबडं नेसून गेली," ते म्हणाले. "आईनं दिलेलं. फार जपायची हो ते. मी म्हणायचो, नेस एकदा, तर म्हणायची, नेसेन, कुठे लांब जायचं झालं तर."

त्यांनी घडी पेटीतून उचलली, मांडीवर ठेवली, आणि तिच्यावरचा पाला एकेक करून वेचू लागले.